रांगेत कोण थांबणार?

१९ नोव्हेंबर २०२३. भारत-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कप फायनल. त्या दिवशी हॉटस्टारवर एका क्षणी सुमारे ५.९ कोटी लोक एकाच वेळी मॅच बघत होते. तुम्हीही बघत असाल, आणि मध्येच चित्र धूसर झालं की रिचार्जवाल्या कंपनीला शिव्याही दिल्या असतील. पण गर्दीत चित्र धूसर होणं ही एक सोय आहे. वाट अरुंद झाली की ॲप स्वतःहून हलक्या दर्जाचं चित्र मागतं, त्यामुळे मॅच थांबत नाही आणि बाकीच्यांनाही जागा मिळते. पूर्वी अशा वेळी थेट उत्तर मिळायचं: लाइन बिझी आहे, थांबा.

नेटवर्कमधली कोंडी इंजिनिअरिंगला आम्ही दहा मार्कांच्या प्रश्नापुरती शिकलो. आता नोकरीत रोज तिच्याशीच गाठ पडते. पण ‘कोंडी झाल्यावर कोण थांबणार’ हा प्रश्न मला पुस्तकाआधी घरी कळला.

माझं गाव बार्शीटाकळी, अकोल्यापासून वीसेक किलोमीटर. सत्तरच्या दशकात मुंबईला फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. नंबर लिहून द्यायचा आणि बसायचं. ऑपरेटर आधी अकोल्याची लाइन मिळवणार, मग पुढची. माझे आजोबा पोस्टाच्या बाकावर कितीतरी दुपारी बसले आहेत. मधूनच विचारायचे, “लागला का जी कॉल?” आतून उत्तर यायचं, “लाइनच नाही भेटून राह्यली काकाजी, बसा.” बाबा सांगतात, तेवढ्यात तेला-डाळीचा एखादा व्यापारी यायचा, अर्जंट कॉल लावायचा आणि बोलून निघूनही जायचा.

कारण ट्रंक कॉलला वर्ग होते: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला त्याहून कितीतरी जास्त. तारेचंही तसंच, साधी आणि एक्सप्रेस. तारा मोजक्या, माणसं पुष्कळ, म्हणून रांग पैशाने लावलेली.

पण सगळा दोष पैशाच्या माथी मारता येत नाही. त्यात गणितही आहे आणि ते छोट्या गावांच्या विरोधात जातं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अॅग्नर एर्लांग या गणितज्ञाने १९०९ आणि १९१७ मध्ये ते मांडलं. प्रश्न साधा होता: इतक्या कॉलना किती लाइन लागतील? समजा एकच लाइन आहे आणि ती सतत भरलेली राहील इतके कॉल येतात. मग जवळजवळ निम्मे कॉल नाकारले जातात, कारण कॉल एकापाठोपाठ शिस्तीत येत नाहीत, दोघातिघांना एकदमच बोलायचं असतं. आता दहा लाइन घ्या आणि कॉलही दहापट करा. दर लाइनीमागे भार तेवढाच, पण नाकारले जाणारे कॉल सुमारे २१ टक्क्यांवर येतात. मोठ्या शहरात एक लाइन अडली तर दुसरी मोकळी सापडते. गावाकडे दुसरी लाइनच नसते. आजोबांच्या दुपारी अशा गेल्या.

म्हणून टंचाईच्या काळात गर्दी आवरायच्या युक्त्या निघाल्या. सणासुदीच्या तारांसाठी ठरलेल्या शुभेच्छांना नंबर दिले होते. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छांचा नंबर ८. तारेवरून आकडा जायचा, समोरच्या पोस्टात त्याचं वाक्य व्हायचं. आज आपण याला डेटा कॉम्प्रेशन म्हणतो. पुढे एसटीडी आली, तेव्हा रात्री उशिरा दर उतरायचे आणि पिवळ्या पाटीच्या बूथवर जेवणं आटोपून माणसं जमायची. एसएमएसच्या काळात दिवाळी आणि नववर्षाला ‘ब्लॅकआउट डे’ असायचे. त्या दिवशी एसएमएस पॅक चालत नसे, प्रत्येक मेसेजचे पैसे कापले जात. शेवटी ट्रायला असे दिवस वर्षाला पाचपर्यंत मर्यादित करावे लागले.

इंटरनेटची गोष्ट वेगळी. तिथे तुमच्यासाठी राखलेली लाइन नसते. सगळ्यांचे पॅकेट एकाच वाटेने जातात, आणि वाट भरली की काही गळून पडतात. गळालेलं पॅकेट पाठवणारा पुन्हा पाठवतो. म्हणजे गर्दी जास्त असते तेव्हाच ती आणखी वाढते. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात हेच झालं. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड. तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. तारा शाबूत, यंत्रं चालू, आणि तरी काहीच पोचेना.

व्हॅन जेकबसन यांनी मायकल कॅरेल्स यांच्यासोबत काढलेला उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. पॅकेट हरवलं की समजायचं, पुढे गर्दी आहे. मग स्वतःचा वेग झटकन कमी करायचा आणि वाट मोकळी दिसेल तसा हळूहळू वाढवायचा. हा नियम मधल्या यंत्रांत नाही, टोकाच्या कॉम्प्युटरमध्ये बसवला. चौकात पोलीस नाही, प्रत्येक गाडीवाला आपणहून ब्रेक दाबतो. त्याची सुधारलेली रूपं आज तुमच्या फोनमध्येही आहेत. बार्शीटाकळीच्या पोराचा फोन असो की मुंबईच्या शेठचा, पॅकेट हरवलं की दोघंही हळू होतात.

अर्थात पळवाटा आहेतच. एखादं ॲप एकाच वेळी दहा कनेक्शन उघडतं आणि दहा जणांचा वाटा घेतं. अरुंद टॉवरखाली संध्याकाळी सगळं गाव जमलं की एर्लांगचं गणित आजही हात दाखवतं.

आणि वर्ग पाडायची इच्छा गेलेली नाही. २०१५ मध्ये काही सेवा फुकट आणि बाकीच्यांना पैसे असे प्लॅन येऊ लागले, तेव्हा लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर बघून वेगळा दर लावण्यावर बंदी घातली. २०१८ मध्ये सरकारने नेट न्यूट्रॅलिटीचं तत्त्व मान्य केलं. आता ५जीमध्ये ‘स्लायसिंग’ आहे: त्याच नेटवर्कचे तुकडे पाडून एखाद्याला वेगाची हमी देता येते. ॲम्ब्युलन्ससाठी असा तुकडा राखला तर कोण नको म्हणेल? पण तोच तुकडा जास्त पैसे देणाऱ्याला विकला, तर तो जुना लाइटनिंग कॉलच.

नवीन तंत्र आलं की आम्ही इंजिनिअर वेग किती, हे आधी विचारतो. आजोबांनी वेगळं विचारलं असतं: “बाकावर कोण बसणार, आणि हे ठरवते कोण?” पुढचा भारी प्लॅन घेताना हा प्रश्न तुम्हीही विचारून बघा.