वेठ, वतन आणि रोबो : आपल्या मुलांचा खेळ कोण बनवणार?

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ 'रोबोटा' म्हणजे वेठबिगार. सांगितले तेवढे करायचे, मोबदला मागायचा नाही, नकार द्यायचा नाही. आपल्या गावगाड्यात असा राबणारा लोखंडाचा नव्हता, हाडामांसाचा होता. त्याच्या वेठीला 'वतन' असे भारदस्त नाव दिले होते, एवढेच.

हे वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, तिलाही ते स्वतः आले. ही परिषद आपण दरवर्षी आठवतो. तिच्यानंतर दीड वर्षाने घडलेली गोष्ट मात्र विसरतो.

२९ ऑक्टोबर १९४२ रोजी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भागणार नाही, विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, अशी त्यात मांडणी होती. त्यासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणाची सोय मागितली. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवारीच्या जागाही मागितल्या. वेठ सोडायची आणि यंत्राची विद्या हातात घ्यायची, हा एकच कार्यक्रम होता.

आता खेळाकडे या. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे मुले तिच्या आज्ञांनी जमिनीवर कासव-रोबो चालवू लागली. १९८४ च्या 'रोबोट ओडिसी' या खेळात रोबोच्या आतली तर्कजोडणी खेळणाऱ्यालाच करावी लागे. २००७ साली 'स्क्रॅच' आले आणि २०१३ पासून ते थेट ब्राउझरमध्ये चालू लागले. म्हणजे महागडा संच न घेताही रोबोमागचा विचार शिकता येतो.

"पोटाला भाकर नाही, अन् रोबोचा खेळ कशाला?" असे काही जण विचारतील. कळंब-वाशीची मुले आईबापांबरोबर उसाच्या फडात जातात, हे खरे आहे. पण फडात आता ऊसतोडणी यंत्र आले आहे. केरळात २०१८ पासून 'बँडिकूट' नावाचा रोबो मॅनहोल साफ करतो आहे. ज्यांचे श्रम यंत्र काढून घेणार, त्यांच्याच मुलांना यंत्र परके ठेवायचे? जातीने हात आणि डोके यांची फारकत केली. तीच फारकत संगणकावर पुन्हा होऊ द्यायची का?

म्हणून आपल्या इंजिनिअरिंग आणि आयटीआयच्या मुलामुलींनी असा ब्राउझर-खेळ मराठीत बनवावा. तो फुकट असावा, साध्या मोबाइलवर चालावा, एकदा उघडला की नेटशिवायही खेळता यावा. इंग्रजी खेळाचे नुसते भाषांतर नको. पहिल्या टप्प्यात गटारात माणूस न उतरवता गाळ काढणारा रोबो जोडायचा; दुसऱ्यात टँकरच्या पाण्याची पातळी मोजणारा. चूक झाली तर रोबो अडेल, मूल कारण शोधेल आणि पुन्हा जोडेल. कार्यकारणभाव शिकवणे हे बुद्धाच्या वाटेवरचेच काम आहे.

१४ एप्रिलच्या वर्गणीतला थोडा वाटा यंदा या कामाला द्या. डीजे एका रात्रीत थांबतो, विद्या थांबत नाही.

जय भीम!