अकरा पाइप आणि एक चिलीम

आमच्या घरात तंबाखूला कोणी हात लावत नाही. एखाद्या पाहुण्यानं अंगणात बिडी पेटवली तरी सासूबाई खिडकी लावून घ्यायच्या. विस्तवात जीव आहे, वाऱ्यात जीव आहे, मग धुरासाठी त्यांना कशाला छळायचं, एवढं साधं त्यांचं गणित. अशा घरात, भिंतीतल्या कपाटात पत्र्याची एक पेटी होती आणि तिच्यात फ्लॅनेलच्या तुकड्यांत गुंडाळलेले अकरा पाइप होते. साहेबलोक ओढायचे तसले, लाकडी. ते मामंजींचे. आणि मामंजींनी जन्मात एकदाही पाइप ओढला नव्हता.

लग्न होऊन पांढुर्ण्याहून सौसरला आले तेव्हा मला हे भारी विचित्र वाटायचं. मामंजींची कापसाची अडत होती. दिवसभर हिशेब, वजनं, गाड्या. रात्री जेवण झालं, की कधीमधी पेटी उघडायची, एकेक पाइप पुसायचा आणि परत ठेवायचा. मी एकदा धीर करून विचारलं. ते म्हणाले, "सूनबाई, धूर त्यांचा होता, तो गेला. लाकूड आपलं आहे."

पहिला पाइप त्यांना बाजाराच्या दिवशी एका भंगारवाल्याकडे मिळाला होता. खाणीच्या बंगल्यातला माल आहे, असं तो म्हणाला. भंगारवाल्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? पण सौसरात तसं म्हणायला जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यात मँगनीजचा शोध जोरात सुरू झाला. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची कंपनी निघाली. पोलाद करायला मँगनीज लागतं आणि पोलादाची भूक तेव्हा साऱ्या जगाला लागलेली. आमच्या तहसिलीतली कच्चीढाणा, गोवारी-वढोणा, सीतापार ही गावं त्यामुळे एकदम इंग्रजी कागदांवर आली.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर इथे हिंडले. १९०६ साली त्यांनी खास सौसर तहसिलीच्या खडकांवर आणि मँगनीजवर लेख छापला. १९०९ साली भारतातल्या साऱ्या मँगनीजवरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. सीतापारला सापडलेल्या एका खनिजाला त्यांनी 'सीतापाराइट' असं नाव दिलं. पुढे कळलं, की हे तर अमेरिकेत आधीच सापडलेलं बिक्सबाइट आहे, आणि सीतापारचं नाव यादीतून गेलं. 'सौसर' मात्र राहिलं. इथल्या जुन्या खडकांच्या थराला भूगर्भशास्त्रात आजही सौसर याच नावानं ओळखतात. याच फर्मोरसाहेबांचा मुलगा पॅट्रिक ली फर्मोर पुढे इंग्रजीतला नामवंत प्रवासलेखक झाला.

तेव्हा त्या पाइपाचा मालक खाणीवरचा कोणी साहेब असेल, हे मामंजींनी मनाशी धरलं. पण धरलं आणि सोडून दिलं, असं नाही केलं. पाइपाच्या दांड्यावर चांदीचं एक कडं होतं, त्यावर बारीक छाप. एका ओळखीच्या सराफाकडून भिंग आणून त्यांनी ते छाप कागदावर उतरवले. चालता सिंह म्हणजे चांदी खरी. नांगर म्हणजे बर्मिंगहॅममध्ये पारख झाली. आणि एक अक्षर, ते सालाचं. तक्ता मिळवून त्यांनी साल काढलं, १९११-१२. इंग्रजांनी चांदीची पारख करताना जी शिस्त ठेवली, तिच्यामुळे सौसरच्या एका अडत्याला साहेबाच्या पाइपाचं वय कळलं. मला यातूनच पहिल्यांदा उमगलं, की इतिहास म्हणजे नुसत्या लढाया नाहीत. असा एखादा छाप वाचता येणं हासुद्धा इतिहासच.

मग त्यांना नाद लागला. नागपूरला मालाच्या कामानं गेले, की जुन्या बाजारात एक चक्कर ठरलेली. पाइप कशाचा होतो, कसा होतो, सगळं त्यांनी वाचून काढलं आणि आम्हाला ऐकवलं. हे लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या रखरखीत टेकड्यांवर वाढणाऱ्या एका झुडपाचं. फ्रेंच लोक त्याला 'ब्रुयेर' म्हणतात, त्याचंच इंग्रजांनी 'ब्रायर' केलं. झुडपाचं खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे जमिनीत एक मोठी गाठ धरते. ती इतकी टणक, की निखारा पोटात घेऊनही सहसा जळत नाही. त्याआधी युरोपात मातीचे पाइप होते, ते पटकन फुटायचे. समुद्रफेसासारख्या पांढऱ्या दगडाचे होते, ते महाग आणि नाजूक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्समधल्या सेंट-क्लोद या डोंगरी गावात ब्रायरचे पाइप होऊ लागले. तिथले कातारी आधी यात्रेकरूंसाठी जपमाळांचे लाकडी मणी कातायचे. मणी कातणारे हात पाइप कातू लागले, याचं मामंजींना फार नवल वाटायचं.

कारखान्यातला पाइप आणि हातानं घडवलेला पाइप यांतला फरक ते बोटानं दाखवायचे. गाठ कापून तासन्‌तास उकळतात, मग कित्येक महिने सावलीत सुकवतात, इथवर दोन्ही सारखे. पुढे कारखान्यात ठरलेल्या आकारात ठोकळा कातला जातो. लाकडात खड्डा निघाला तर लुकण भरून वर रंग देतात. हाताचा कारागीर आधी ठोकळ्यातल्या रेषा बघतो आणि रेषा जशा धावतात तसा आकार काढतो. कोपनहेगनला सिक्सटेन इवार्सन नावाचा कारागीर होता. मोडके पाइप दुरुस्त करता करता तो स्वतः घडवू लागला आणि पुढे युरोपातलेच नाही तर जपानचेही लोक त्याच्याकडे शिकून गेले. डेन्मार्कमध्ये हातानं केलेला एक पाइप मामंजींकडेही होता, रेल्वेच्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतलेला. त्याच्या रेषा खालून वर अशा सरळ गेलेल्या, जणू विंचरलेले केस. अकरांत तो सगळ्यांत देखणा.

पण ते अकराच का? ही गोष्ट मला सासूबाईंनी सांगितली. मामंजी एकदा मोठ्या हौसेनं त्या गाठीचं वर्णन करत होते. गाठ वाढायला दशकं लागतात, ती काढायची तर झुडूप मुळासकट खणावं लागतं, वगैरे. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हणजे कंदमूळच की. आपण बटाटा खात नाही, आणि तुम्ही आख्खं झाड उपटलेलं कपाटात ठेवता."

मामंजी त्या दिवशी पुढे बोलले नाहीत. त्या वर्षीच्या दशलक्षणात, नवव्या दिवशी, म्हणजे उत्तम आकिंचन्याच्या दिवशी, त्यांनी मंदिरात नियम घेतला. पाइप अकराच. नवा आणायचा तर आधी एक द्यायचा. श्रावकाला सगळं सोडता येत नाही म्हणून तर परिग्रहाला परिमाण घालायचं व्रत सांगितलं आहे. तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या करताना वस्तू मोजलेल्या नाहीत, मनातली मूर्च्छा धरली आहे. पण मूर्च्छा कशी मोजणार? म्हणून आपण वस्तू मोजतो. नियमानंतर मामंजींनी सहा-सात पाइप बदलले असतील. प्रत्येक वेळी काय ठेवायचं आणि का, याचा त्यांना जवाब द्यावा लागला. मला वाटतं, संग्रह आणि साठा यांत फरक पडतो तो इथेच.

ते गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. काही वर्षांनी आम्ही पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिलं. 'अज्ञातवासी' नावानं कविता करणारे आणि चष्म्याचं दुकान चालवणारे दिनकर केळकर. सोबत पत्नी कमलाबाई. दोघांनी गावोगाव फिरून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं १९७५ साली सरकारला देऊन टाकल्या. दिवे, अडकित्ते, वज्र्या, कलमदानं, हुक्के. राजेरजवाड्यांच्या वस्तू आहेतच, पण मी खिळून राहिले ती वज्र्यांपुढे. टाचा घासायची वज्री! ती कोणी जपून ठेवावी? ठेवली म्हणून तर आज दिसते.

तिथे मला आमची पेटी आठवली आणि थोडी लाज वाटली. तंबाखू आपल्याकडे आली ती दख्खनेतून. अकबराचा माणूस असद बेग १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि जडावाचा हुक्का घेऊन दरबारात गेला. १६१७ साली जहांगीरनं बंदी घातली, पण तोवर ती घरोघर पोचली होती. हुक्का श्रीमंतांचा, चिलीम गरिबांची. आमच्या भागात शेगावच्या गजानन महाराजांच्या, विस्तवाशिवाय पेटलेल्या चिलमीची कथा पोरासोरांना ठाऊक. साहेब पाइप ओढत मँगनीज मोजत होता, तेव्हा ते मँगनीज खणून पाट्या वाहणाऱ्यांकडे काय असणार? तेंदूपत्त्याची बिडी, नाहीतर कुंभाराची चिलीम. आमच्या पेटीत साहेबाच्या पाइपाचं साल लिहून ठेवलेलं आणि मजुराच्या चिलमीचा एक तुकडाही नाही. जो ओढत होता त्याचा पाइप जपला गेला. जो खणत होता त्याची चिलीम उकिरड्यावर गेली. दोष मामंजींचा नाही. चांदीच्या कड्यावर छाप होता, मातीवर नव्हता.

२०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पांढुर्णा आणि सौसर मिळून. माझं माहेर आणि सासर एका जिल्ह्यात आलं. पुढल्या पोळ्याला माहेरी गेले. दुसऱ्या दिवशी जांब नदीवर गोटमार, गाव सगळं तिकडे. मी आदल्या दिवशीच बाजारात मातीचे बैल विकणाऱ्या कुंभाराला चिलीम मागितली. तो माझ्याकडे पाहतच राहिला. "बाई, कोनासाठी?" म्हटलं, ठेवायला. त्यानं टोपलीच्या तळातून एक काढली, आत अडकवायचा खडाही दिला आणि दहा रुपये घेतले.

नियम मामंजींचा, पण मोडावासा वाटेना. चिलीम ठेवायची तर एक पाइप द्यायला हवा. यजमान म्हणाले, लुकण भरलेला कारखान्याचा पाइप देऊन टाक, त्याला कोण विचारतो. पण नकोसं झालेलं देणं हा त्याग कसला? आणि चांदीच्या कड्याचा पाइप सौसरचा, तो इथेच राहिला पाहिजे. चार दिवसांनी दशलक्षण बसलं. पहिल्या दिवसापासून माझं मन त्या डेन्मार्कच्या पाइपाभोवती घुटमळत होतं, यावरूनच मला कळलं, की जायचा तो कोणता. नागपूरच्या एका शौकिनानं तो घेतला. पैसे कर्करोगाच्या रुग्णालयाला दिले.

पेटीत आता दहा पाइप आणि एक चिलीम आहे. मामंजींच्या वहीत प्रत्येक पाइपापुढे साल, गाव, कोणाकडून मिळाला, अशी नोंद आहे. मी शेवटी एक ओळ वाढवली: मातीची चिलीम, पांढुर्णा, कुंभाराकडून, पोळ्याच्या दिवशी, दहा रुपये.

मातीवर छाप नसतो. तो कोणीतरी लिहूनच ठेवावा लागतो.