गुणतक्त्यातला विदर्भ

डिसेंबर हा करडीत धानाचा महिना. काहींचे पुंजणे मळून झालेले असतात, काहींचे मशीनची वाट बघत बांधीत उभे असतात, आणि चौकात ‘बोनस’ हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. हा बोनस सरकारने धानाला जाहीर करायचा असतो. भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातल्या या गावात क्रिकेटचा नाद असलेल्या माणसाला त्याच दिवसांत आणखी एका बोनसची काळजी असते. रणजी करंडकाच्या साखळीत सामना जिंकला की सहा गुण मिळतात, पण एका डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकला तर वर एक बोनस गुण. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला तीन, मागे पडणाऱ्याला एक.

हे नियम कोरडे वाटतात, पण रणजीच्या चाहत्याची आशा याच आकड्यांवर जगते. आयपीएलमध्ये आपला संघ जिंकला की झालं. रणजीत मात्र चौथ्या दिवशी दुपारी, सामना निकाली निघणार नाही हे दिसत असतानाही, शेवटच्या जोडीने आणखी अकरा धावा काढाव्यात म्हणून माणूस देव पाण्यात ठेवतो. त्या अकरा धावांवर तीन गुण, तीन गुणांवर गटातला दुसरा क्रमांक आणि दुसऱ्या क्रमांकावर उपांत्यपूर्व फेरी. शिवाय तिकडे तिसऱ्याच गावी दोन भलत्याच संघांचा सामना चालू असतो आणि त्यात कोण हरावं हेही आपल्याला ठरवून ठेवावं लागतं.

अमेरिकेत बेसबॉलवाल्यांनी या हिशेबाला नावच देऊन टाकलंय: मॅजिक नंबर. तिथे साखळीचा मोसम १६२ सामन्यांचा. सप्टेंबर आला की चाहता रोज सकाळी एक आकडा बघतो. आपले विजय आणि मागून येणाऱ्या संघाचे पराभव मिळून अजून किती व्हायला हवेत, म्हणजे पुढची फेरी पक्की, तो हा आकडा. शिकागो कब्ज या संघाने १९०८ मध्ये विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतरचं थेट २०१६ मध्ये. मध्ये १०८ वर्षं गेली. आजोबांनी वाट बघितली, बापाने बघितली, नातवाला फळ मिळालं.

विदर्भाची वाट बघणं साठ वर्षांचं. आकड्याने कमी, पण त्याची सुरुवात जरा वेगळी आहे.

१९५५ मध्ये फाजल अली आयोगाने म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगाने अहवाल दिला, त्यात वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, चांदा आणि आपला भंडारा असे आठ जिल्हे त्यात होते. ते राज्य झालं नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे आठही जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, आणि मध्य प्रांताची राजधानी असलेलं नागपूर राजधानी राहिलं नाही. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. वेगळं राज्य हवं होतं की नको, यावर भंडाऱ्यात आजही एकाच घरात दोन मतं सापडतील. तो वाद इथे उकरायचा नाही.

पण एक गंमत झाली. राज्य म्हणून नकाशावर न आलेलं ‘विदर्भ’ हे नाव पुढच्याच वर्षी दुसरीकडे छापून आलं. १९५७-५८ च्या मोसमात विदर्भ हा संघ रणजी करंडकात उतरला. क्रिकेटचा नकाशा तसाही सरकारी नकाशाला फारसा जुमानत नाही. बडोदा, सौराष्ट्र, हैदराबाद ही जुनी नावं तिथे अजून नांदतात, आणि एकट्या महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ आहेत. विधानसभेत नाही, पाटीवर नाही, पण वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावरच्या गुणतक्त्यात विदर्भ होता. बहुतेक वेळा तळाशी.

आपल्या संघाचा मुहूर्तही असा की बघायलाच नको. विदर्भ आला त्याच्या पुढच्या मोसमापासून, १९५८-५९ ते १९७२-७३, मुंबईने सलग १५ वेळा करंडक जिंकला. तेव्हा स्पर्धा विभागवार चालायची. विदर्भ मध्य विभागात होता; सोबतीला राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे. आधी या विभागातून वर निघायचं, मग पुढचं. आणि आपल्या विभागातला बलाढ्य राजस्थान १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात आठ वेळा अंतिम फेरीत गेला आणि आठही वेळा हरला, त्यातले सात वेळा मुंबईकडून. म्हणजे जो आपल्याला हरवायचा त्याचीच ही गत. अशा परिस्थितीत चाहता स्वप्नाचा आकार आपोआप लहान करतो. करंडक वगैरे सोडा, यंदा राजस्थानविरुद्ध पहिल्या डावात आघाडी मिळाली तरी मोसम वसूल.

२००२-०३ पासून एलिट आणि प्लेट अशी वरची-खालची वर्गवारी आली, आणि विदर्भाचा बराच काळ प्लेटमध्ये गेला. प्लेट म्हणजे क्रिकेटमधलं ड वर्गाचं तिकीट. तरी तिथेही एक खिडकी उघडी होती. २०१०-११ मध्ये प्लेट गटातूनच आलेल्या राजस्थानने करंडक जिंकून दाखवला, तोही आधी उपांत्यपूर्व फेरीत मुंबईला बाहेर काढून. विदर्भाच्या चाहत्याने ही बातमी थोड्या हेव्यानेच वाचली असणार.

दरम्यान नागपुरात काम चालू होतं. जामठ्याचं नवं मैदान २००८ मध्ये कसोटीसाठी खुलं झालं. खापरखेड्याजवळच्या वलनीतल्या खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीपर्यंत गेलेला तो पहिला. कर्नाटकचा गणेश सतीश विदर्भात आला, मुंबईकडून आठ करंडक जिंकलेला वसीम जाफर आला. कर्णधार फैज फजल नागपूरचाच. जून २०१६ मध्ये हरारेत तो भारताकडून एक वनडे खेळला, नाबाद ५५ धावा केल्या आणि पुन्हा कधी बोलावलंच गेलं नाही. विदर्भाच्या चाहत्याला हा माणूस आपला का वाटतो, हे वेगळं सांगायला नको. २०१७ च्या मोसमासाठी प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईच्या शिस्तीत वाढलेले, कडक.

त्या मोसमात ऑक्टोबरमध्ये पंजाबला मोहालीत एका डावाने हरवलं. मग बंगालला कल्याणीत दहा गड्यांनी. म्हणजे बोनस, बोनस! झाडीपट्टीत हा मंडईचा मोसम असतो, रात्रभर दंडार आणि नाटकं चालतात. आणि जिओ येऊन वर्ष उलटलेलं असल्याने पहिल्यांदाच गावातल्या कोणत्याही पोराला रणजीचा स्कोअर चेंडूगणिक बघता येत होता. आधीच्या पिढीला तो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, चार ओळींत मिळायचा. आशा करायची म्हटली तरी बातमी हाती येईपर्यंत सामन्याचा आणखी एक दिवस सुरू झालेला असायचा.

उपांत्यपूर्व सामन्यात सुरतेला केरळवर ४१२ धावांनी विजय. मग १७ डिसेंबरपासून कोलकात्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटक.

या सामन्याबद्दल सविस्तर बोललं पाहिजे, कारण साठ वर्षांची सगळी भीती त्यात एकवटली होती. विदर्भ पहिल्या डावात १८५ वर गारद. कर्नाटक ३०१, त्यात करुण नायरच्या १५३. आघाडी गेली ११६ ने. रणजीच्या चाहत्याला हे गणित तोंडपाठ असतं: बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेला संघ पुढे जातो. म्हणजे आता जिंकल्याशिवाय सुटका नाही. दुसऱ्या डावात विदर्भाने ३१३ केल्या; सतीशने ८१, आदित्य सरवटेने ५५. आपल्या जुन्या राज्याविरुद्ध उभा राहिलेला सतीश हीच त्या डावाची खरी कणा ठरलेली खेळी. कर्नाटकला हव्या होत्या १९८, आणि समोर त्या मोसमात हजारावर धावा केलेला मयंक अगरवाल.

चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. अजून ८७ धावा, हातात तीन विकेट.

ती रात्र कशी गेली असेल हे कोणत्याही चाहत्याला सांगावं लागणार नाही. हरतोय हे नक्की असलेली रात्र परवडते. जिंकतोय असं वाटत असलेली रात्र वाईट, आणि ज्याला जिंकायची सवय नाही त्याची तर फारच वाईट. माणूस स्वतःला बजावतो की विनय कुमार खेळतोय, श्रेयस गोपाळ खेळतोय, हे करतील. आधीच हरून ठेवायचं, म्हणजे सकाळी लागणार नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही ही विद्या अवगत आहे: धान घरात येईपर्यंत पीक चांगलं आलं असं तो कोणाला बोलून दाखवत नाही.

सकाळी रजनीश गुरबानीने विनय कुमारला घेतलं. पण मिथुन आला आणि त्याने ३३ काढल्या. आकडा ८७ वरून उतरत उतरत एक आकडी झाला. मग मिथुन गेला. शेवटची जोडी. जिंकायला सहा हव्या असताना अरविंद बाद झाला. कर्नाटक १९२, विदर्भ पाच धावांनी अंतिम फेरीत. शेवटच्या दिवशीच्या तिन्ही विकेट गुरबानीच्या, डावात ६८ धावांत सात, सामन्यात बारा. सिव्हिल इंजिनीअरिंग शिकलेला चोवीस वर्षांचा पोरगा.

अंतिम सामना २९ डिसेंबरपासून इंदूरला, दिल्लीशी. इंदूरचा आणि नागपूरचा एक जुना धागा आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. होळकरांच्या बोलावण्यावरून ते इंदूरला गेले आणि होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला. नागपूरचं क्रिकेट इंदूरला जाऊन फळलं, असं जुनी माणसं म्हणत ती काही खोटी नव्हती. आता त्याच शहरात, होळकर मैदानावर, गुरबानीने विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांना लागोपाठच्या चेंडूंवर त्रिफळाचीत केलं आणि पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर १४५ वर खेळणाऱ्या ध्रुव शोरेचाही त्रिफळा उडवला. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही दुसरीच हॅटट्रिक. पहिली १९७२-७३ ची, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ केल्या, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलं शतक. शेवटी विजयासाठी फक्त २९ धावा हव्या होत्या. १ जानेवारी २०१८ ला, नऊ गडी राखून, करंडक.

त्यानंतर चाहत्याची जात बदलली. २०१८-१९ मध्ये करंडक पुन्हा आला, नागपुरात सौराष्ट्रला हरवून. आशेची अपेक्षा झाली, आणि अपेक्षेला चव कमी असते, हे माझं प्रामाणिक मत. पण मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर ती जुनी चव परत आली. मुंबईविरुद्ध अंतिम सामन्यात ५३८ धावांचं अशक्य लक्ष्य असताना कर्णधार वाडकर आणि हर्ष दुबे पाचव्या दिवशी खेळत राहिले. जेवणाच्या वेळेला ५ बाद ३३३. दोनशेच्या आसपास बाकी, दोन सत्रं हातात. त्या चाळीस मिनिटांच्या विश्रांतीत विदर्भातल्या किती जणांनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडला असेल! वाडकर १०२ वर पायचीत झाला आणि शेवटचे पाच गडी पंधरा धावांत गेले. १६९ धावांनी हार, मुंबईचा ४२ वा करंडक.

पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत मुंबईला नागपुरातच ८० धावांनी हरवून हिशेब बऱ्यापैकी मिटवला. करुण नायर एव्हाना आपल्याकडे खेळत होता, ईडनवर १५३ काढणारा तोच. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातले सर्वाधिक. आणि अंतिम सामन्याला, फेब्रुवारी २०२५ मध्ये जामठ्याला, समोर आला केरळ.

केरळचं राज्य झालं १ नोव्हेंबर १९५६ ला, ज्या दिवशी आपले आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. केरळ या नावाने तो संघ रणजीत उतरला १९५७-५८ मध्ये, विदर्भाबरोबरच. त्यांना राज्य मिळालं, आपल्याला नुसता संघ. आणि आता अंतिम फेरी गाठायला त्यांना ६७ वर्षं लागली होती. तीही कशी? उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर पहिल्या डावात एका धावेची आघाडी. उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची: शेवटच्या फलंदाजाचा जोरदार फटका जवळ उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि कर्णधार सचिन बेबीने झेलला. इतक्या बारीक दोऱ्याला लटकून आलेला संघ बघताना, आपण जिंकावं असं वाटत असूनही, जुन्या विदर्भवाल्याला आत कुठेतरी कसंनुसं झालंच असणार.

विदर्भ ३७९, त्यात दानिश मालेवारच्या १५३. उत्तरादाखल सचिन बेबी ९८ पर्यंत पोहोचला आणि शतकाला दोन धावा हव्या असताना बाद झाला. केरळ ३४२. फरक ३७. दोन दिवसांवर खेळ शिल्लक होता, पण ज्यांना गुणांचं गणित येत होतं त्यांना काय घडलंय ते कळलं होतं. दुसऱ्या डावात नायरने १३५ काढल्या, आणि २ मार्चला वर्ध्याच्या दर्शन नळकांडेचं अर्धशतक पूर्ण झालं तसे दोन्ही कर्णधार हात मिळवायला पुढे आले.