कोन्येच्नी, मारिअन

(१३ जानेवारी १९३०–२५ जुलै २०१७). पोलिश स्मारकशिल्पकार. जन्म आग्नेय पोलंडमधील यासिओनुव्ह या खेड्यात. क्राकुफच्या ललित कला अकादमीत क्साव्हेरी दुनिकोव्स्की यांच्या हाताखाली आणि पुढे लेनिनग्राडच्या रेपिन संस्थेत त्यांचे शिक्षण झाले.

‘वॉर्सा नाइकी’ (१९६४) या ब्राँझशिल्पाने त्यांचे नाव झाले. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या वॉर्साकरांचे हे स्मारक. यातली विजयदेवता ग्रीक शिल्पांतल्यासारखी पंख पसरून उतरत नाही; ती जमिनीवर कोसळलेली आहे आणि तलवार उगारत पुन्हा उठू पाहते आहे. जिंकलेल्या, पण बेचिराख झालेल्या शहराचे याहून खरे रूप सापडणे कठीण. नाट्यगृह चौकातल्या बुटक्या चौथऱ्यावर ती पाहणाऱ्याच्या जवळ होती. १९९७ मध्ये तिला पूर्व-पश्चिम महामार्गालगत उंच स्तंभावर हलवले. तिथे ती लांबून दिसते, पण तिच्या अंगातला ताण नीट जाणवत नाही.

१९७२ ते १९८१ या काळात कोन्येच्नी क्राकुफ अकादमीचे रेक्टर होते. अकादमीसमोरच्याच मातेय्को चौकात आंतोनी विवुल्स्की यांचे ग्रुनवाल्ड स्मारक (१९१०) होते. ते जर्मनांनी फोडले होते. घोड्यावरचा राजा यागिएव्हो आणि पायथ्याशी पडलेला ट्यूटॉनिक सरदार यांसह ते पुन्हा घडवून १९७६ मध्ये उभे केले, ते कोन्येच्नींनीच. दुसऱ्याच्या कल्पनेशी इमान राखून केलेले हे काम त्यांच्या स्वतंत्र कामांइतकेच मोलाचे मानायला हवे.

नोव्हा हुता या पोलाद-वसाहतीत १९७३ मध्ये त्यांनी घडवलेला लेनिन उभा राहिला. लांब कोट घालून झपाझप पुढे निघालेला हा पुतळा कामगारांना नकोसा होता. १९७९ मध्ये कोणीतरी त्याच्या पायाशी स्फोट घडवला. टाच उडाली, पुतळा टिकला. डिसेंबर १९८९ मध्ये निदर्शनांनंतर तो उतरवला गेला आणि पुढे स्वीडनमधल्या एका मनोरंजन उद्यानात पोहोचला.

जेशुफचे क्रांतिकार्य स्मारक (१९७४) मात्र पाडण्याच्या मागण्या होऊनही जागेवर राहिले. क्राकुफच्या राष्ट्रीय संग्रहालयासमोरचे व्यिस्प्यान्स्की स्मारक (१९८२) आणि वॉर्सातला शेतकरी नेते व्हिन्सेन्ती व्हितोस यांचा पुतळा (१९८५) ही त्यांची नंतरची कामे. साम्यवादी राजवट गेल्यावरही मागणी थांबली नाही: लेनिन घडवणाऱ्या याच हातांनी पोप जॉन पॉल दुसरे यांचे पुतळे केले, आणि २००५ मध्ये झामोश्च शहरात त्याचा संस्थापक यान झामोय्स्की याचा अश्वारूढ पुतळा उभारला.