संधिविरूपण : अँप्लिफायरच्या एका दोषाचा इतिहास

ध्वनिमुद्रित भाषण ऐकणे हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचा नित्याचा उद्योग होय. साहजिकच ज्या यंत्रातून ते भाषण त्याच्या कानी पडते, त्या यंत्राच्या दोषांची उपेक्षा करून त्याला चालत नाही. अशाच एका दोषाचा इतिहास येथे मांडावयाचा आहे. अँप्लिफायरच्या अखेरच्या टप्प्यात सामान्यतः दोन ट्रँझिस्टर जोडीने काम करतात. ध्वनिलहरीचा धन अर्ध एक वाहतो, ऋण अर्ध दुसरा. लहर शून्यातून पलीकडे जाते त्या क्षणी एकाने सोडलेले काम दुसऱ्याने उचलावयाचे असते. परंतु सिलिकॉनचा ट्रँझिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट दाब मिळाल्यावाचून वाहू लागत नाही. त्यामुळे दोघांच्या मध्ये एक निष्क्रिय पट्टा राहतो आणि लहरीत तेथे पायरी पडते. इंग्रजीत यास क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. दोन खंडांच्या सांध्यात उद्भवणारा हा विकार असल्याने आम्ही त्यास ‘संधिविरूपण’ म्हणतो.

निर्वात नलिकांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, काळात उत्तम प्रतीच्या अँप्लिफायरमध्ये हा दोष फारसा जाणवत नसे. १९४७ साली डी. टी. एन. विल्यमसन यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात घरी बांधता येण्याजोग्या १५ वॅटच्या अँप्लिफायरचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यातील विरूपण पूर्ण शक्तीवरही ०.१ टक्क्याच्या आत होते. अशा रचनेत आवाज लहान असता दोन्ही नलिका एकाच वेळी वाहत असत. त्यामुळे आवाज जसा उतरे तसे विरूपणही घटे. पूर्ण शक्तीवरचा आकडा चांगला असला की पुढे काही पाहावयास नको, ही समजूत याच अनुभवातून रुजली. नलिकांपुरती ती खरीही होती.

ट्रँझिस्टर आल्यावर मात्र हीच समजूत घातक ठरली. १९५६ साली एच. सी. लिन यांनी ट्रान्सफॉर्मरवाचून चालणारी रचना मांडली. परस्परपूरक जातींचे शक्तिशाली ट्रँझिस्टर त्या काळी सहज मिळत नसल्याने तीत दोन्ही अंगांना एकाच जातीचे ट्रँझिस्टर होते. ही दोन अंगे वरवर सारखी दिसली तरी त्यांचे वर्तन सांध्यापाशी समान नव्हते. शिवाय सांध्यातील पायरी आवाज उतरला म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाही. परिणामी लहान आवाजात तिचे सापेक्ष प्रमाण वाढते. पूर्ण शक्तीवर निर्दोष ठरलेले यंत्र हलक्या स्वरात कानाला खरखरीत वाटे, ते यामुळेच. आकडा खोटा नव्हता. तो चुकीच्या ठिकाणी घेतलेला होता.

यावर पहिला उपाय सुचला तो ऋण प्रतिप्रदायाचा, म्हणजे निगेटिव्ह फीडबॅकचा. हॅरोल्ड ब्लॅक यांना १९२७ साली टेलिफोनच्या तारांसाठी सुचलेल्या या युक्तीने बहुतेक विरूपणे आटोक्यात येतात. संधिविरूपण मात्र तिला सहजासहजी दाद देत नाही. पायरीच्या तीक्ष्ण कडेतून उच्च कंप्रतेचे घटक निर्माण होतात आणि उच्च कंप्रतेवर प्रतिप्रदायाचे बळ घटत जाते. त्यातही निष्क्रिय पट्ट्यात ट्रँझिस्टर वाहतच नसल्याने, मदत हवी नेमक्या त्याच क्षणी ती अपुरी पडते.

तेव्हा उपाय सांध्यातच शोधणे प्राप्त झाले. १९६९ साली ‘वायरलेस वर्ल्ड’च्याच पानांवर दोन निराळी उत्तरे आली. जॉन लिन्स्ले हूड यांनी ‘अ’ वर्गाचा १० वॅटचा साधा अँप्लिफायर सुचवून सांधाच नाहीसा केला. पण त्याची किंमत अखंड उष्णतेच्या रूपाने मोजावी लागे. शॉ आणि पीटर बॅक्सँडल यांनी एका अंगाला एकेक डायोड जोडून दोन अंगांतील असमानता कमी केली. पुढे १९७५ साली पीटर वॉकर यांच्या क्वाड ४०५ मध्ये लहान पण शुद्ध अँप्लिफायरकडून मोठ्या ट्रँझिस्टरांच्या चुका भरून काढण्याची योजना आली.

या सर्वांत आम्हास अधिक महत्त्वाचा वाटतो तो १९७१ साली बर्नार्ड ऑलिव्हर यांनी काढलेला निष्कर्ष. दोन्ही ट्रँझिस्टरांतून विश्रांतीच्या अवस्थेतही थोडा प्रवाह वाहता ठेवला म्हणजे निष्क्रिय पट्टा बुजतो, हे पूर्वीच ठाऊक होते. म्हणून प्रवाह जितका अधिक तितके बरे, असे कोणासही वाटावे. ऑलिव्हर यांनी दाखविले की तसे नाही. प्रत्येक एमिटर-रोधावर सुमारे २६ मिलिव्होल्ट पडतील इतकाच प्रवाह इष्ट असतो, रोध ०.२२ ओहमचा असल्यास तो सुमारे १२० मिलिअँपियर होतो. त्याहून अधिक दिल्यास दोघे बराच काळ एकत्र वाहतात, त्या भागात विवर्धन वाढते आणि निराळेच विरूपण उपजते. येथे अतिरेक हाही दोषच ठरतो. ही जुळणीही स्थिर राहत नाही, कारण ट्रँझिस्टर दर अंशाने तापता त्यास लागणारा दाब सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणूनच प्रवाह नियंत्रित करणारा छोटा ट्रँझिस्टर मोठ्यांच्याच उष्णताशोषकावर बसवितात. घरी अँप्लिफायर बांधणारा बहुधा चुकतो तो याच जागी.

१९९३ साली डग्लस सेल्फ यांनी अँप्लिफायरमधील प्रत्येक विरूपण पृथक् करून मोजण्याची पद्धत त्याच मासिकात लेखमालेच्या रूपाने मांडली. इतर दोष एकेक करून निवारल्यावर मुख्यतः उरले ते संधिविरूपणच. ते अत्यल्प करता येते, समूळ नाहीसे होत नाही.

या इतिहासातून संशोधकाने घ्यावयाचा बोध आमच्या मते एकच आहे. पूर्वीच्या साधनांसाठी घडविलेले मापन नव्या साधनांस लावताना ते कोणत्या गृहीतावर उभे होते, हे प्रथम तपासावे. दोन दशके कानाची तक्रार खरी होती. तिच्याशी जुळणारे मापन घेण्यास मात्र आवाज लहान करून पाहावा लागला.