सात प्रश्नचिन्हे आणि एकवीस चिन्हे

आज एका साध्या तक्रारीचा इतिहास पाहू. मेलमध्ये ‘सोलापूर’ स्वच्छ वाचता येते. तेच संस्थेच्या डेटाबेसमध्ये गेले की कधी सात प्रश्नचिन्हे दिसतात, तर कधी एकवीस विचित्र चिन्हांची रांग. लोक दोन्हीला ‘फॉन्ट बिघडला’ म्हणतात आणि नोंद पुसून टाकतात. आमचे म्हणणे असे की, हे दोन वेगळे आजार आहेत. एकात रोगी वाचतो, दुसऱ्यात तो गेलेला असतो.

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. शब्द आणि अर्थ यांचे नाते संकेताने ठरते, असे आपले नैयायिक म्हणत. इथेही तेच. कोणता आकडा म्हणजे कोणते अक्षर, हा संकेत दोन्ही बाजूंना ठाऊक हवा.

पहिला मोठा संकेत १९६३ चा, आस्की. त्यात घरे १२८, आणि अक्षरे फक्त रोमन. १९८२ मध्ये मेल पाठवण्याचे नियम ठरले, तेही याच सात बिटांच्या मापाने. १९९२ च्या माइम नियमांनी वाट मोकळी केली. मेलच्या माथ्यावर ‘आतला मजकूर अमुक संकेतात आहे’ असे लिहिण्याची सोय झाली.

आपल्याकडे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की स्वीकारली. तिची कल्पना सोलापूरकराला लगेच पटावी. मराठी, तेलुगू, कानडी, तिघींच्या ‘म’ला एकच आकडा, लिपी फक्त दाखवताना बदलायची. उर्दू मात्र या घरात नव्हती. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडने प्रत्येक लिपीला स्वतंत्र वाडा दिला, पण खोल्यांचा क्रम इस्कीवरूनच घेतला. छपाईच्या दुकानांत मात्र वेगळाच मामला चालला होता. आत रोमन आकडे आणि वर देवनागरीचे चित्र. तो फॉन्ट नसला की मराठी मजकूर रोमन बाराखडीचा कचरा दिसे.

आता आपल्या तक्रारीकडे येऊ. युनिकोड साठवण्याची यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ ची. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘सोलापूर’मध्ये मात्रा-काने धरून चिन्हे सात, म्हणून बाइट एकवीस. डेटाबेसने हे बाइट पश्चिम युरोपच्या जुन्या लॅटिन-१ संकेताने वाचले, तर प्रत्येक बाइटचे एक चिन्ह होते, आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येतो. दिसायला वाईट, पण एकही बाइट हरवलेला नाही. योग्य संकेताने पुन्हा वाचले की गाव परत येते. मात्र रकाना वीसच चिन्हांचा असेल, तर शेवटचा ‘र’ तुटतो.

सात प्रश्नचिन्हांचे तसे नाही. तिथे यंत्राने ‘स’ ओळखला, पण लॅटिन-१ मध्ये त्याला जागा नाही म्हणून ‘?’ लिहून टाकले. मूळ आकडा गेला. आता उपाय एकच, जुना मेल शोधायचा.

म्हणून आधी चिन्हे मोजा. मग मेलचा माथा, मधल्या प्रोग्रॅमची जोडणी आणि डेटाबेसचा तक्ता, तिन्ही ठिकाणी एकच संकेत आहे का ते पाहा. बहुतेक वेळा मधली जोडणीच विसरलेली असते. दुरुस्ती आधी नकलेवर करा आणि मूळ मेल पुसू नका.

एक गोष्ट मराठी माणसासाठी राहिली. आपली मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली, आणि तिला चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमधला जुना ‘यूटीएफ८’ तीनच बाइटांचा. शतकानुशतकांचे दप्तर ज्या लिपीत आहे, ती त्यात मावत नाही. २०१० पासून तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ आहे, तोच निवडावा. मोडी कागदांच्या सूच्या करणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच पाहून घ्यावे. हजार नोंदी झाल्यावर कळले, तर कागद पुन्हा उघडावे लागतील, आणि ते कागद दरवर्षी थोडे थोडे झिजत आहेत.