उसन्या ओळी आणि त्यांचे करार

इ. स. २०२२ च्या एप्रिल महिन्यांत उदगीर येथें पंचाण्णवावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, तेव्हां संगणकाच्या आज्ञावली लिहिणारांस साहित्यिक म्हणून कोणी पाचारण केलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. कायद्याची दृष्टि मात्र या बाबतींत संमेलनाहून उदार आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यास १९८४ सालीं जी दुरुस्ती झाली, तिनें आज्ञावलीस वाङ्मयकृतींत स्थान दिलें. कवीचा आपल्या कडव्यावर जो हक्क, तोच आज्ञावली लिहिणाराचा तिच्या ओळींवर. तेव्हां मुक्तस्रोत आज्ञावलींतील उसनवारीचा वाद मराठी वाचकास परका वाटण्याचें कारण नाहीं. आमच्याकडे तो पोथ्यांच्या काळापासून चालत आला आहे.

शके १५०६ त, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, एकनाथांनीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथास तेव्हां सुमारें तीनशें वर्षें होऊन गेलीं होतीं, आणि हातोहात नकला होतां होतां पाठ बिघडले होते. एकनाथांनीं पाठ शोधले, आणि ग्रंथांत आपली ओवी घुसडणाराची कडक शब्दांत निंदा करून ठेविली. नकल करूं नये असें त्यांनीं म्हटलें नाहीं. नकल झाली नसती तर ग्रंथ उरलाच नसता. राग होता तो आपलें लेखन ज्ञानदेवांच्या नांवावर खपविण्याचा. उसनवारी आणि भेसळ यांतील हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो.

संगणकाच्या जगांत हा भेद कायद्याच्या भाषेंत मांडण्याचें मोठें श्रेय रिचर्ड स्टॉलमन यांस द्यावें लागतें. १९८९ सालीं त्यांचा ग्नू परवाना प्रसिद्ध झाला. आज्ञावली घ्या, बदला, वांटा. पण तींतून जें नवें कराल आणि लोकांस द्याल, तेंही मूळ लेखनासह याच अटींवर द्या, असा त्याचा आशय. एमआयटीचा परवाना याहून सैल आहे. त्याची मागणी एवढीच कीं, मूळ लेखकाच्या हक्काची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रतीबरोबर राहूं द्यावा. उदगीरकरांस तहाची कलमें समजावून सांगावयास नकोत. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवराव भाऊंनीं निजामास येथेंच नमविलें आणि तह झाला. परवाना हाही एक तहच. मुलूख मिळतो, पण कलमांसकट. पुष्कळ तरुण मंडळी मुलूख घेतात आणि कलमें वाचीत नाहींत. फुकट मिळालें म्हणजे बेवारशी मिळालें, हा समज सुशिक्षितांतही आढळतो.

थोड्याशा ओळींनीं काय बिघडतें, असें कोणी विचारील. ओरॅकल कंपनीनें गूगलवर २०१० सालीं दावा लावला. अँड्रॉइडच्या कोट्यवधि ओळींत अवघ्या नऊ ओळींचें एक लहानसें प्रकरण जावाच्या मूळ लेखनाशीं तंतोतंत जुळलें. गंमत अशी कीं, दोन्हीकडील ओळींचा लेखक एकच, जोशुआ ब्लॉक! पूर्वी सन कंपनीच्या नोकरींत लिहिलेलें त्यांनीं पुढें गूगलकडे असतां पुन्हां वापरलें होतें. तरीही २०१२ सालीं ज्यूरीनें त्या नऊ ओळींपुरता हक्कभंग झाल्याचा निर्णय दिला. उलट, सुमारें साडेअकरा हजार ओळींच्या दुसऱ्या उसनवारीस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं न्याय्य वापर ठरविलें. तेव्हां ओळी मोजून न्याय होत नाहीं. काय घेतलें आणि कशासाठीं घेतलें, हें पाहावें लागतें.

देवनागरी अक्षरांसही हा प्रश्न चुकला नाहीं. रेड हॅट कंपनीच्या आश्रयानें निघालेले ‘लोहित’ टंक प्रथम ग्नू परवान्याखालीं होते. टंक एखाद्या लेखांत अंतर्भूत केला कीं त्याच्या आकृती लेखाबरोबर प्रवास करतात. मग टंकाच्या अटी लेखासही लागूं होतात काय, अशी शंका ग्नू परवान्याखालील टंकांविषयीं निघाली. तिच्या निवारणासाठीं परवान्यास अपवादाचें वाक्य जोडण्याची वाट काढली गेली. ‘लोहित’ला मात्र २०११ सालीं खास टंकांसाठीं केलेला ओपन फॉण्ट परवाना लावण्यांत आला. टंकानें सजलेल्या लेखावर कसलेंही बंधन नाहीं, असें तो स्पष्ट सांगतो. शिवाय मूळ कर्त्यानें टंकाचें नांव राखून ठेविलें असेल, तर बदललेल्या टंकास तें नांव देण्यास तो मनाई करतो. एकनाथांस हें कलम पटलें असतें!

पण अटी बदलणें सर्वांस साधत नाहीं. ग्नू परवान्याची तिसरी आवृत्ति २००७ सालीं निघाली, तरी लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला. लिनस टॉरव्हाल्ड्स यांस नवी आवृत्ति रुचली नव्हती हें खरें. परंतु रुचली असती तरी हजारों हातांनीं लिहिलेल्या त्या आज्ञावलींत ज्याच्या त्याच्या ओळींवर ज्याचा त्याचा हक्क, आणि प्रत्येकाची संमति मिळविणें आवश्यक. उदगीरच्या पांच विद्यार्थ्यांनीं मिळून आज एखादी आज्ञावली लिहिली आणि दहा वर्षांनीं तिच्या अटी बदलावयाच्या ठरविल्या, तर लातुरास, पुण्यास, हैदराबादेस पांगलेल्या त्या पांचांचे पत्ते प्रथम शोधावे लागतील. आणि त्यांतील एकानें कोठून तरी नांव न टिपतां दहा ओळी उचलल्या असतील, तर सहाव्याचा पत्ता त्यांस कोण देणार?